उरलेला चहा

रेशन, अंगणवाडी आणि आरोग्य या तिन्ही खात्यांच्या माणसांना उपाशी घरांपर्यंत एकत्र न्यायचं, हे तालुक्यात माझं काम होतं. एकदा आम्ही जीपनं बीबी गावाच्या पुढच्या खेड्यात एका मजूर बाईकडे गेलो. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता, म्हणून तिचं धान्य बंद होतं. आधी प्रत्येक खात्यानं तिला दुसऱ्याकडे धाडलं होतं.

"बसा साहेब, चहा घ्या," ती म्हणाली. ती शेजारून साखर मागून आणताना मला दिसली, तरी मी नको म्हणालो नाही. चहा फार गोड लागला. अर्धा तसाच ठेवून मी खात्यांच्या समन्वयावर बोलत राहिलो.

निघताना वळून पाहिलं, तर ती आमच्या कपांतला उरलेला चहा वाटीत ओतून लहान लेकीला पाजत होती.

"सकाळपासून तिच्या पोटात काई नाई, साहेब," ती ओशाळून म्हणाली.

ओशाळायला हवं होतं ते मी. मी सगळ्यांना पुन्हा ओट्यावर बसवलं, अंगठ्याशिवाय धान्य द्यायची परवानगी फोनवरूनच मिळवली. संध्याकाळी गहू-तांदूळ घरात आले.

"पह्यलेच सारे संगं काऊन नाई आले?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. मला मान वर करवेना.