कापलेली बावीस जाकिटं

लाइफ जॅकेट घालून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांच्या मागे आमचे स्टोअर असिस्टंट गुपचूप जायचे, खांद्यांवरच्या दोन्ही पट्ट्यांत बोटं अडकवायचे आणि एकदम वर हिसका द्यायचे. जाकीट कानांपर्यंत वर आलं की एकच शब्द: "उतरव." मग पट्टे पुन्हा आवळायचे आणि पुन्हा हिसका. एकदा बाहेरून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनाही असाच हिसका बसला आणि त्यांचा चष्मा धक्क्यावरून खाली गाळात पडला.

"चष्मा गाळातून काढता येतो सर," ते म्हणाले आणि खाली उतरून खरंच काढून दिला. माणूस काढता येत नाही, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही.

प्रत्येक संस्थेत असं एक माणूस असतं. तुम्हीही पाहिलं असेल. याच्यामुळे कामाला उशीर होतो, याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं.

आमच्या विद्यापीठातून पर्यावरणशास्त्राच्या मुलांना दरवर्षी खाडीवर नेतात. होडीतून पाण्याचे नमुने घ्यायचे, ओहोटीला चिखलातले जीव मोजायचे. परवानग्या, पालकांची संमतिपत्रं, विमा, बस आणि नाश्ता माझ्याकडे. दोर, गमबूट, जाकिटं आणि औषधांची पेटी त्यांच्याकडे. त्यांचं गाव नेरूळजवळचं करावे. वडील आणि आजोबा याच खाडीत मासे मारायचे. मी साताऱ्याकडची. मला पोहता येत नाही आणि नेरूळच्या माझ्या फ्लॅटमधून खाडीची जी पट्टी दिसते, तेवढी मला पुरते.

दर वर्षी वेळापत्रक लागलं की ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"मॅडम, शनिवारी अमावस्या हाय. सर दहाला पोचनार. तवर पानी चढत असंल. चिखल कुठून दाखवनार पोरांना?"

"मग कधी न्यायचं?"

"अष्टमीला. दुपारी बाराला सगला गाळ उघडा."

मी हे सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगायची. ते म्हणायचे, "त्या दिवशी माझं लेक्चर आहे." मी परत येऊन स्टोअरमध्ये सांगायची. मग ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "पान्याला तुमचं टाइमटेबल ठाऊक नाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी ते बोलायच्या आधी मीच म्हणायची. मग ते हसायचे. वरचा एक दात नव्हता, ते तेव्हाच कळायचं.

मुलांची हजेरी ते कधी आकड्यांनी घेत नसत. चिखलात उतरण्याआधी प्रत्येकाने चप्पल काढून तिवरांच्या कडेला रांगेत ठेवायची. परत आलेल्याने आपली उचलायची. चप्पल उरली तर माणूस आत आहे. एका वर्षी एक गुलाबी जोड उरला. पाणी चढायला लागलं होतं. ते कमरेएवढ्या पाण्यात जाऊन हाका मारत राहिले. मुलगी बसमध्ये होती. पाय पुसून, बूट घालून, कानात हेडफोन. चपला जुन्या झाल्या म्हणून तिने तिथेच टाकल्या होत्या. तिला मी चांगलं झापलं. ते मात्र तिला एवढंच म्हणाले, "बाय, टाकायच्या तर कचऱ्यात टाक. माझा जीव जातो."

जाकिटांची परीक्षा ते पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये घ्यायचे. जाकिटाला विटांची पिशवी बांधायची, सकाळी सोडायचं, दुपारी बघायचं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी चाळीसपैकी बावीस तळाला गेली. आतला फोम दबून, भिजून निकामी झाला होता.

"मॅडम, बावीस मेली."

मी नव्या जाकिटांचा प्रस्ताव टाकला. उत्तर आलं: आधी जुनी रद्द करा. रद्द करायची तर समितीने ती अखंड स्थितीत डोळ्यांनी पाहायची, असा नियम. समितीत पाच जण. एकाची बदली झालेली, एक प्रसूती रजेवर. बैठक काही होईना. बावीस मेलेली जाकिटं अठरा जिवंत जाकिटांच्या शेजारी त्याच कपाटात राहिली. त्यांनी मेलेल्यांना लाल चिंध्या बांधल्या. होडीच्या आधी चार दिवस विभागप्रमुखांनी स्टोअरमध्ये येऊन सांगितलं, "यंदा आहे त्यात भागवा. दिसायला तर ठीक आहेत."

"सर, तीन खेपा करू. एका खेपेला अठरा."

"होडी एकच दिवस मिळालीये. चाळीसच्या चाळीस जण एका खेपेत जायला हवेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मासे कापायची सुरी आणली आणि बावीसच्या बावीस जाकिटं मधोमध कापली. तुकडे रचून ठेवले, झाडून घेतलं आणि मला येऊन सांगितलं. "समितीला आता बघू दे."

त्या वर्षी मुलं खाडीवर गेली नाहीत. वर्गात पडद्यावर चित्रं बघून त्यांनी अहवाल लिहिले. मुलांनी तक्रार केली, पालकांनी केली, आणि त्यांना नोटीस निघाली: विद्यापीठाच्या मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान. नोटिशीचा मसुदा मी केला. तो करणं माझं काम होतं.

उत्तर लिहून घ्यायलाही ते माझ्याचकडे आले.

"लिवा. जाकिटं मेलेली व्हती. कुनी पोराने घालू नये म्हनून कापली. परत ठेवली तर परत कापीन."

"शेवटचं वाक्य नको."

"बरं. पयली दोन ऱ्हावू द्या."

मी समजावलं. चौकशी समितीला कारण नको असतं, माफी हवी असते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, निलंबन झालं तर पेन्शन अडकेल, पोराचं उलव्याला घर घ्यायचं चाललंय. मी टाइप केलं: सदर जाकिटे माझ्याकडून अनवधानाने कापली गेली, त्याबद्दल दिलगीर आहे.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"अनवधान म्हंजे?"

"लक्ष नव्हतं, असं."

"माझं? मॅडम, लक्ष माझंच तेवढं व्हतं."

"सही करा."

त्यांनी केली. माझ्यावर विश्वास होता म्हणून केली, हे मला तेव्हाही कळत होतं.

निलंबन टळलं. निर्णय आला तो असा: उपकरणे निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे सुरक्षेचे काम ठेवणे उचित नाही. पुरावा म्हणून त्यांचंच उत्तर जोडलेलं होतं. त्यांना परीक्षा विभागाच्या तळघरात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि खाडीचं सगळं सामान एका एजन्सीकडे गेलं. आदेश टाइप मीच केला. मी त्यांना वाचवायला गेले आणि जे वाचवायला हवं होतं ते माझ्या एका शब्दाने गेलं. मी सहसा रडत नाही, तेव्हाही रडले नाही. विभागप्रमुखांना सांगून पाहिलं, की उत्तर माझं होतं. ते म्हणाले, "सही कोणाची आहे?"

एजन्सीची नवी जाकिटं आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ते बघायला आले. चकचकीत नारिंगी, प्रत्येकाला प्रमाणपत्र लटकवलेलं. त्यांनी अंगठ्याने फोम दाबला, पुन्हा दाबला.

"ड्रम कुठं गेला?"

"बागेत नेला. कुंड्यांसाठी."

त्यांनी जाकीट घडी करून ठेवलं आणि ते तळघरात गेले.

मुलं खाडीत गेली आणि सुखरूप परत आली. पुढच्या वर्षीही आली. विभागप्रमुख मला म्हणाले, "बघा, उगाच घाबरवत होते." काही न घडणं हाच त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरला, आणि काही घडावं असं तर आम्हाला दोघांनाही वाटत नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी परीक्षा विभागाने शाल दिली. भाषणात कोणीतरी त्यांना "गठ्ठ्यांचे राजे" म्हटलं. नंतर ते उलव्याला मुलाकडे राहायला गेले आणि गेल्या दिवाळीनंतर तिथेच झोपेत गेले. मी बाराव्याला गेले होते. त्यांच्या बायकोने माझा हात धरून बाजूला बसवलं.

"तुमची लय आठवन काढायचे. म्हनायचे, मॅडमनी माझी नोकरी वाचवली."

मी चहा घेतला आणि निघाले.

यंदाची होडी परवा गेली. एजन्सीचा माणूस सकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी फॉर्म घेऊन आला. एक ओळ होती: उपकरणे तपासून योग्य आढळली. खाली सहीची जागा.

"हे तुम्ही भरायचं," मी म्हटलं.

"आमी फक्त सप्लाय करतो, मॅडम. सही तुमच्याकडची लागते. दरवर्षी कोणीतरी करतंच."

मी वरचं एक जाकीट उचललं. हलकं होतं. चांगलं जाकीट हलकं असतं की जड, हे मला माहीत नाही, आणि विचारायला आता कोणी नाही. बसमध्ये चाळीस मुलं चढून बसली होती आणि ड्रायव्हरने गाडी चालू केली होती. मी तारीख घातली आणि सही केली.