निपाणीच्या वखारीतली अदलाबदल

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की जगात शांतता नांदावी या कामी प्रस्तुत लेखिकेने निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत स्वतः बसून भाग घेतलेला आहे, आणि जगातल्या मोठ्या दरबारांना याची वर्दी आजतागायत कोणी दिलेली नाही. ती इथे देण्यात येत आहे. वाचकांनी उभं राहायची गरज नाही, पण पाठ जरा ताठ ठेवावी.

आमचं मंडळ निघालं बेळगावात, पहिलं महायुद्ध संपल्यावर. काढलं आमच्या चर्चच्या पाळकांनी. त्यांचा धाकटा भाऊ पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही. मग एका रविवारी उपासना आटोपल्यावर म्हणाले, "राजेलोकांच्या लढाया आपल्या हातात न्हाईत. आपल्या गल्लीतल्या तरी बघू." मंडळी किती? एका बैलगाडीत मावतील इतकी.

आता मजा ऐका. शांततेसाठी जमलेल्या या माणसांनी पहिल्याच बैठकीत कडाक्याचं भांडण केलं. मंडळाच्या नावात 'शांती' आधी घ्यायची की 'न्याय' आधी? एक बाजू म्हणे, न्याय नसेल तर शांती कसली? दुसरी म्हणे, डोकी शांत नसतील तर न्याय करणार कोण? गुळाचा चहा गार झाला. शेवटी पाळक म्हणाले, "आता बाजू बदला. शांतीवाल्यांनी न्यायाची बाजू मांडायची, न्यायवाल्यांनी शांतीची. समोरचा 'व्हय, हेच माझं म्हणणं' म्हणेपर्यंत थांबायचं न्हाय." सगळ्यांनी इतक्या जिवावर उदार होऊन मांडली, की दोन्ही बाजूंची मतं फिरली आणि तेच भांडण उलट्या दिशेने पुन्हा सुरू झालं! नाव काही ठरलं नाही. पण ही अदलाबदल मात्र मंडळाचा कायदा होऊन बसली. भांडण जिथलं, बैठक तिथे. आणि आधी दुसऱ्याची बाजू, मग आपली.

पुढे मी निपाणीच्या मिशनच्या शाळेत शिकवायला आले. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिथल्या दवाखान्यात नर्स होती. आम्ही दोघी म्हणजे मंडळाची निपाणी शाखा.

एक दिवस आक्का दवाखान्यातून आली ती एका बाईला घेऊनच. बाई वखारीत तंबाखू चाळायची. कडेवर रांगतं पोर, आणि पोराला असा खोकला की ऐकणाऱ्याचा जीव वर यावा. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून ते दिवसभर आईजवळ, त्या धुरळ्यात. आदल्या दिवशी पोराचा श्वास कोंडला तशी हिने उठून खिडकी उघडली. मालकांनी तिथल्या तिथे कामावरून काढलं.

"दुसऱ्या वखारीत बघ की," मी म्हटलं.

"बघितलं, मास्तरीणबाई. खिडकी उघडणारी ती हीच, म्हणत्यात. कुणी दारात उभं करंना."

म्हणजे कामही गेलं, आणि परत मिळालं तरी पोर त्याच धुरळ्यात. दोन्हीकडून कोंडी.

वखारीतच अदलाबदलीची बैठक घेऊ या, असं सांगायला आम्ही दोघी मालकांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, पण खिडकीचं नाव काढताच भडकला. तेव्हा आक्काने ठेवणीतलं अस्त्र काढलं. मालकांना नाटकांचं वेड होतं. गावात कंपनी आली की मुक्काम यांच्याकडे. आक्का मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "चल गं. दुसऱ्याचं बोलणं हुबेहूब करायचं म्हणजे नटाचं काम. त्यांना न्हाय जमायचं."

"कुणाला न्हाय जमायचं?" मालक गादीवरून उठलेच. "मिशी काढून राणीचं काम केलंय मी! निम्मी निपाणी रडलीती!"

"राणीचं सोपं असतंय, अण्णा. ही तंबाखू चाळणारी बाई हाय."

"बोलवा तुमच्या पाळकाला! पण एक सांगतो, वखार बंद ठेवणार न्हाय. बायका चाळत ऱ्हातील, त्यातच काय ती तुमची बैठक."

आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. हसू दिसायला नको होतं.

पाळक बेळगावहून मोटारीने आले. वखारीत पोत्यांवर बसले, डोळे मिटून प्रार्थना केली आणि 'आमेन'च्या ऐवजी सणसणीत शिंकले. चाळण्या चालूच होत्या. खिडक्या बंद. तपकिरी धुरळा उन्हाच्या तिरिपेत नाचत होता.

आधी बाईची पाळी. तिने पोर आक्काकडे दिलं, मालकांच्या नेहमीच्या पोत्यावर जाऊन बसली, मांडी घातली आणि मिशीवर ताव दिला. मिशी नव्हती, तरी आम्हाला दिसली!

"काय गं, खिडकी तुझ्या बाची हाय व्हय? वारं लागलं की पान कडक हुतंय, चुरा हुतोय. ह्यो चुरा पेठेत कोण घेणार? माल गेला तर तुमी समद्या खाणार काय?"

बायका पदराआड खुदखुदत होत्या. मालक मात्र गंभीर झाले. "व्हय," ते म्हणाले, "हेच माझं म्हणणं. ह्याच्याहून बरं मलाबी आलं नसतं."

मग मालक उठले. उपरणं डोक्यावरून पदरासारखं ओढलं, मुरकत खाली बसले, चाळण हातात घेतली आणि राणीच्या थाटात सुस्कारा सोडला. वखार हसून फुटायची बाकी.

"नुसतं तोंड नगं," पोत्यावरून हुकूम आला. "पोर घे मांडीवर. आणि हात चालव."

आक्काने पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. मालकांनी चाळण हलवली. एकदा, दोनदा. धुरळा उठला. पोर खोकलं. मालकांनी संवाद सुरू केला, "अहो मालक, मी गरीब..." पोर पुन्हा खोकलं, आणि थांबेना. त्यांनी उपरण्याचं टोक त्याच्या तोंडावर धरलं, तर ते गुदमरून आणखीच तडफडलं. आता कोणी हसत नव्हतं. आक्का उठू लागली. बाईने नजरेनेच तिला बसवलं. पण तिची स्वतःची बोटं पोत्याच्या कडेत रुतली होती, पांढरी पडली होती.

"मालक," खाली बसलेले मालक म्हणाले, "जरा खिडकी..."

"न्हाय. पान कडक हुतंय."

"थोडीच."

"न्हाय म्हटलं की. हात चालव."

पोराने त्यांच्या सदऱ्याची मूठ धरली आणि तोंड उघडलं. आवाज येईना. मालकांच्या हातून चाळण सुटली, डोक्यावरचं उपरणं गळून पडलं, आणि पोराला छातीशी धरून ते पोत्यावरच्या बाईकडे बघत ओरडले,

"मालक, पाया पडतो तुमच्या, पण ती खिडकी उघडा की हो!"