रांगेतला शेवटचा

गेल्या महिन्यात सावेडीतल्या एका रिकाम्या वसतिगृहात पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचा सराव झाला. दडलेल्या हल्लेखोराला खोली-खोलीतून शोधायचे होते. बातमीसाठी मी तिथे होतो.

रांगेतला शेवटचा जवान गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या रजेवरून त्याच दिवशी कामावर परतला होता. सगळ्यांची पाठ राखणे हे त्याचे काम. तोंड मागे करून, उलट्या पावलांनी तो जिना चढे. दाराशी पोहोचल्यावर, मागे सगळे ठीक आहे हे कळवायला तो पुढच्याचा खांदा दाबी. तो दाब एकेका खांद्यावरून पहिल्यापर्यंत जाई आणि मगच पहिला आत शिरे.

त्या दिवशी दाब मिळूनही पहिल्याने मान वळवून मागे पाहिले. तेवढ्यात आतल्या खोट्या हल्लेखोराने त्याला टिपले. दुसऱ्या फेरीतही तेच झाले. प्रशिक्षक ओरडले, "आता मागं बघितलंस, तर शेवटचा माणूस बदलणार!"

चहाच्या वेळी मी शेवटच्या जवानाला विचारले, "राग येतो का पहिल्याचा?"

"राग कशाचा? माझ्या गुडघ्याची काळजी करतोय त्यो," गुडघा चोळत तो म्हणाला. "पन त्यानं मागं बघितलं, तर पुढं कोन बघनार?" मग त्याने पहिल्याला हाक मारली, "ए नवरदेवा, मागं करवली न्हाई, मी हाय!"

सगळे हसले. पहिला हसला नाही.

तिसऱ्या फेरीत जिन्यावर शेवटच्याचा पाय घसरला. बुटाचा आवाज वरपर्यंत गेला. दाराशी रांग थांबली. त्याने पुढच्याचा खांदा दाबला. दाब पुढे गेला.

पहिला सरळ आत शिरला.