टॅबला पाणी लागलं नव्हतं

इंडोनेशियातल्या सालातिगाच्या त्या उतरत्या गल्लीत कुणाचा फोन रुसला, की माणसं दुकानात जाण्याआधी तुतिककडे जात; सगळे तिला बू, म्हणजे बाई, म्हणत. ती काही मेकॅनिक नव्हती. नवरा शाळेचा मुख्याध्यापक होता, तो वारल्यावर दुपारी खायला उठायच्या. एकदा तिने व्हिडिओ बघून आपल्याच फोनची बॅटरी बदलली, फोन चालू झाला, आणि बाईच्या अंगात वारं संचारलं. मग बाटिकच्या तुकड्यांची कव्हरं झाली, बांबूचे स्टँड झाले, तुटक्या चार्जरच्या वायरींवर रंगीत दोऱ्याची वीण झाली. जेवायच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. "दुकानदार लुटतात. आपल्या हातांना काय धाड भरलीय?" हे तिचं नेहमीचं पालुपद.

काम मात्र नीट करायची, हे कबूल करायला हवं. हेअर ड्रायरने कडा गरम करायच्या, गिटार वाजवायच्या प्लास्टिकच्या नखीने काच हळूच उचलायची. पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तो आकृतीत तिथेच टोचून ठेवायचा. स्क्रू दिसायला सगळे सारखे, पण त्यात एखादा केसभर लांब असतो. तो आखूड स्क्रूच्या जागी बसवला, की खालच्या सर्किटमध्ये घुसतो आणि यंत्र कायमचं जातं. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवायची, की लोक ऐकून कंटाळले होते.

गल्लीच्या तोंडाशी कार्सिना पेचेल विकायची: उकडलेल्या पालेभाज्या आणि वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी. सगळी गल्ली तिला यू, म्हणजे ताई, म्हणायची. तिची मुलगी विविक हाँगकाँगला एका घरी कामाला होती. पहिल्या पगारातून तिने आईला टॅब पाठवला होता आणि दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती त्यावर आईला दिसायची. त्या टॅबची बॅटरी फुगली. नवी बॅटरी मागवली गेली आणि ती आली नेमकी तुतिकच्या घरी बायकांची भिशी होती त्या दिवशी.

उद्या केलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण घरभर बायका बसलेल्या, चहा फिरतोय, आणि यूने लाजत लाजत टॅब पुढे केला. तुतिकला राहवलं नाही. तिथेच टेबलावर तिने तो उघडला.

"बू, आज पुठ्ठा नाही घेतलात?" बू पुर्वांतीने विचारलं. या बाईचं सगळीकडे लक्ष.

"पुठ्ठा शिकाऊ माणसाला लागतो," तुतिक म्हणाली. "माझी बोटंच ओळखतात."

बायका कौतुकाने हसल्या. बॅटरी बसली. स्क्रू लावताना एक जरा जड गेला. बोटांना तेव्हाच कळलं होतं, पण सगळ्यांच्या नजरा हातावर होत्या. तिने आणखी एक पीळ दिला. कट् असा बारीक आवाज झाला, तो फक्त तिलाच ऐकू आला.

टॅब चालू झाला नाही. तिने पुन्हा उघडला, स्क्रू काढला, आणि सर्किटमध्ये पडलेलं ताजं भोक तिला दिसलं. आणि खरं काय ते बोलायच्या आत तोंडाने भलतंच बोलून टाकलं.

"यू, आत पाणी गेलंय हो. हे बघा, गंज चढलाय." तिने बोट ठेवलं ते जुन्या डिंकाच्या तपकिरी डागावर.

यू कार्सिनाने डागाकडे पाहिलं. मग तुतिकच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "गेलं असेल, बू. माझाच वेंधळेपणा. भाज्या धुताना उडालं असेल. तुम्हाला उगाच त्रास झाला."

तुतिकला हायसं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच, की त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं.

गल्लीला विषयच मिळाला. "यू, आज पालक धुतलात की टॅब?" "चटणीत पाणी बेताचं घाला हं, तुमचा हात सैल आहे!" यू सगळ्यांबरोबर हसायची आणि चटणीचा आणखी एक चमचा वाढायची. तुतिकला झालेल्या त्रासाबद्दल तिने केळीच्या पानात बांधून पेचेलही पाठवलं. तुतिकने ते खाल्लं. पान टाकताना मात्र तिला कुणी बघत तर नाही ना असं वाटलं.

रविवारी यू दारात आली. आत यायची नाही, परत जायची नाही, नुसती चपला सारख्या करत उभी. "बू, तुमच्या फोनवरून विविकशी जरा... तुम्हाला वेळ असेल तरच."

फोन लागला. तिथल्या कामवाल्या बायका रविवारी जमतात त्या पुलाखाली विविक मैत्रिणींबरोबर सतरंजीवर बसली होती. टॅबला पाणी लागलं असं आईने सांगताच तिने तोंड सोडलं.

"आई, किती वेळा सांगितलं होतं स्वयंपाकघरात नेऊ नकोस म्हणून! लोकांची पोरं सांभाळून, शिव्या खाऊन घेतला होता मी तो. तुला कशाची किंमत आहे का?"

"चुकलं, बाळा."

"दर वेळी चुकलं!"

"बरं, बू तुतिकचे आभार मान. त्यांनी फार खटपट केली." यूने फोन तुतिककडे वळवला.

विविकने डोळे पुसले आणि हात जोडले. "थँक्यू, बू. माझी आई अशीच आहे, तुम्हीच तिला जरा शिकवा."

"असू दे, असू दे," तुतिक म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

फोन बंद झाल्यावर यू उठायला लागली. तुतिकने तिचा हात धरला. "यू, पाणी गेलं नव्हतं. माझ्या हातून लांब स्क्रू बसला. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे, बू."

"ठाऊक आहे?"

"टॅब कपाटावर असतो, माझ्या लग्नातल्या कापडात गुंडाळून. रविवारीच खाली काढते. पाणी कुठून लागणार?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरी, तुमचा चहा पीत, सगळ्यांदेखत तुम्हाला खोटं पाडू?" यूला खरंच नवल वाटलं. "असं कुणी करतं का?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तुतिक म्हणाली, "मी आत्ता फोन लावून विविकला सांगते. नवा टॅब घेऊन देते."

"नको. आईला विनाकारण बोलले म्हणून पोर आठवडाभर रडेल. परदेशात एकटी असते. आणि नवा टॅब आला कुठून म्हणून विचारलं, तर काय सांगू?" यूने तिचा हात थोपटला, जशी काही चूक यूचीच होती, आणि ती गेली.

तुतिकने हेअर ड्रायर कपाटात टाकला. जेवण गोड लागेना. निदान गल्लीत तरी यूची बदनामी थांबवायची, असं तिने ठरवलं. पुढची भिशी यूकडेच होती. सगळ्या जमल्या, ताटल्या फिरल्या, आणि कुणीतरी पाण्याची तीच थट्टा काढली. तुतिक उभी राहिली.

"यूच्या टॅबला पाणी लागलं नव्हतं. तो मी बिघडवला. चुकीचा स्क्रू बसवला आणि वर खोटं बोलले."

बू पुर्वांतीचे डोळे भरून आले. "बघा, याला म्हणतात मन! यूची इतकी थट्टा झाली, ते बघवेना, म्हणून सगळं स्वतःवर घेतायत."

"मुख्याध्यापकांचं घर ते," दुसरी म्हणाली.

"अहो, खरंच! मी पुठ्ठा घेतला नव्हता. बू पुर्वांती, तुम्हीच विचारलं होतं ना?"

"पुरे हो, बू. आम्हाला काय कळत नाही?"

तुतिकने यूकडे पाहिलं. आता यूनेच बोलायला हवं होतं. यू चटणीचं भांडं हातात धरून उभी होती. घर तिचं, पाहुणी तिची. ती पुढे आली आणि तुतिकच्या ताटलीत तिने चटणी वाढली.

"बू आहेतच तशा चांगल्या," ती म्हणाली. "घ्या, आणखी थोडी."

तुतिकने मान खाली घातली. बायकांना तो तिचा विनय वाटला.