सोमारमामाचं शिवराक

अहिंसेचा प्रसार या भूमीत अनेक थोर पुरुषांनी केला असेल. पण ट्रक ड्रायव्हर, वाळपईच्या बाजारात कोंबड्या विकणारे आणि एक अस्सल खाटीक यांना दर सोमवारी एका बाकावर बसवून मांसावाचून तृप्त करणारा पुरुष आमच्या पाहण्यात एकच. धारगळच्या हमरस्त्यावर त्याची खानावळ होती. आम्ही त्याला सोमारमामा म्हणत असू. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो त्याच चुलीवर बांगडे तळत असे, आणि मंगळवारी उजाडताच रविवारचं आटवलेलं माशांचं हुमण पेजेबरोबर ओरपत असे.

सोमवारी आमच्याकडे बहुतेक घरांत मासळी वर्ज्य. इतर खानावळवाले त्या दिवशी एक तर फळ्या लावून घेत, नाही तर वरणभात असा वाढत की जेवणाऱ्याला आपलं कोण गेलं याचा विचार पडावा. मामाला हे मान्य नव्हतं. शाकाहारी जेवणाला आम्ही शिवराक म्हणतो. तो म्हणायचा, "शिवराक म्हणजे सुतक न्हय रे. मासळी नाय ती नाय, पण जेवताना तिची आठवण येवची न्हय." मी तेव्हा पाळी गावच्या खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. रविवारी घरी यायचो आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचो. म्हणजे जायला हवं होतं. ती बस मला वर्षानुवर्षं चुकत राहिली, आणि दुपारच्या बसमध्ये मी तृप्त होऊन पेंगत राहिलो.

त्याच्या सोमवारला खरा रंग आणला तो एका परदेशी बाईने. हरमलच्या किनाऱ्यावर तेव्हा अशी मंडळी महिनोन् महिने राहत. ही मेक्सिकोची होती आणि मांसमासळी खात नव्हती. मामाने तिला तांदळाची भाकरी आणि अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे लाल चवळीची दाटसर आमटी, वाढली. बाईने अळसांदे निथळून भाकरीवर घेतले, वर कच्चा कांदा टाकला, लिंबू पिळलं, भाकरी मध्ये दुमडली आणि हातात धरून खाल्ली. आमच्याकडे याला टाको म्हणतात, असं तिने सांगितलं. मामा म्हणाला, "आमच्याकडे ह्येका भुरग्याचा जेवण म्हणतत. शाळेत जाताना हातात देवचां." तरी त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः तसं खाऊन पाहिलं, आणि पुढच्या सोमवारी ती बाई परत आली तेव्हा तिला सरळ चुलीपाशी नेलं. तिला कोकणी येत नव्हती आणि याला स्पॅनिश. पण दोघांनाही चव समजत होती, त्यामुळे भांडण व्यवस्थित झालं.

पहिली अडचण भाकरीची. दुमडली की मोडायची. मामाने पिठाची उकड काढली, ती गरम असतानाच हात भाजून घेत मळली, तळव्याएवढ्या पातळ भाकऱ्या थापल्या, आणि त्या वाकू लागल्या. तेव्हापासून "वाकता ती भाकरी, मोडता तो पापड" हे वाक्य तो माणसांनाही लावू लागला. दुसरी अडचण आतल्या सारणाची. मांस काढलं की सगळं मऊ आणि गुळमट होतं, असं बाईचं म्हणणं. मामाने त्यावर एक सोमवार विचार केला आणि निकाल दिला: "मटणात मटण किती आसता रे? दातांक काम, इतक्याच. बाकी सगळां वाटपाचां." मग त्याने दातांना काम शोधलं. कोवळ्या फणसाच्या फोडी उकडून, निखाऱ्यावर कडा काळ्या होईपर्यंत भाजायच्या, मग त्यांचे तंतू सुटे करायचे. पावसाळ्यात नीरफणस. निम्मे अळसांदे ठेचायचे, निम्मे अख्खे ठेवायचे. वाटप शाकुतीचं, जे आमच्या घरांत फक्त कोंबडीच्या किंवा मटणाच्या वाट्याला येतं: खरपूस भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग आणि बाद्यान, म्हणजे चक्रीफूल. वर खोबरेल तेलाची धार, कच्च्या कैरीची चटणी आणि कुरकुरायला बारीक चिरलेला मुळा. खाटकाने तीन टाको खाल्ले आणि म्हणाला, "मामा, माझो धंदो बुडयतलंस." माझ्या माहितीत मामाला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र, आणि त्याने ते आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं.

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या वादाचे ते दिवस. मराठीवाले एका बाकावर, कोकणीवाले दुसऱ्या, आणि दोघांच्या हातात दुमडलेली भाकरी. खानावळीच्या फळ्यावर पदार्थ कुठल्या भाषेत लिहायचे यावरून दोन वकिलांनी एकदा हमरीतुमरी केली. मामाने ओलं फडकं घेऊन फळा पुसला. "लिवचाच नाय. नाकान वाचा." त्यांपैकी एकाने मग गंभीरपणे विचारलं, "मामा, तुमची मातृभाषा नेमकी कोणती?" मामा म्हणाला, "आवय माका ज्या भाषेत गाळी घालायची ती. तिचां नाव तुमी मेळून ठरवा आणि माका सांगा." मेळून ठरवणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आणखी एकेक भाकरी मागवली.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र हळवा होता. वाड्यावरच्या देवळात फाल्गुनात वर्धापनदिनाचा महाप्रसाद होई. मामाच्या वडिलांनी जन्मभर त्या रांधपघरात लाकडं पोचवली. चुलीपर्यंत त्यांना कोणी जाऊ दिलं नाही. एकदा तरी आपण त्या चुलीवर रांधावं, एवढीच मामाची इच्छा. देवस्थानचे अध्यक्ष दर वर्षी सांगत, "मासळीवाल्याचा हात नैवेद्याला कसा चालेल?" स्वतः अध्यक्ष जन्मात मासळीला शिवलेले नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवली होती.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून अजून वर्षही झालं नव्हतं. सगळीकडे सत्कार, तोरणं आणि भाषणं चालू होती, तेव्हा आमचा वर्धापनदिनही थाटात करायचं ठरलं. आणि नेमका नेहमीचा आचारी आजारी पडला. नाइलाजाने मामाला बोलावणं गेलं. त्याने आठवडाभर खानावळ बंद ठेवली आणि मासळीला हात लावला नाही. कांदा-लसूण देवळात चालत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. भात, वरण, भाज्यांचं खतखतें, पायस, सगळं रीतीप्रमाणे. पण एवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्याला देवाला आपलं सर्वात चांगलं द्यायचं होतं. म्हणून त्याने मोठा हंडाभर फणसाची शाकुती केली, कांद्यावाचून.

मी वाढपात होतो. खोबरं आणि बाद्यान यांचा वास मंडपात आला तेव्हाच जुनी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पण देवळात वासाबद्दल बोलत नाहीत. अध्यक्षांनी शाकुती वाढून घेतली, परत मागवली, पुन्हा मागवली. तिसऱ्या वेळी एक तंतू बोटावर धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "हे मांस आहे."

बायका पानांवरून उठल्या. मामा पळी हातात घेऊन धावत बाहेर आला. "फणस तो! माझ्या हातान सोललंय. हात पळयात, चीक अजून गेलो नाय!"

"चीक फणसाचा असेल," अध्यक्ष म्हणाले. "फोडी कशाच्या, ते काय सांगावं?"

मामाने सर्वांसमोर पळीभर शाकुती तोंडात घातली.

"तुझं काय! तू रोजच खातोस."

मामाने पळी खाली ठेवली. तो खरंच रोज खात होता. न खाणाऱ्या अध्यक्षांना मांस चवीवरून कसं ओळखता आलं, हा प्रश्न त्या पंगतीत कोणाला पडला नाही. पडला असल्यास त्याने तो ताकाबरोबर गिळला. रांधपघराची शुद्धी झाली. हंडा देवळामागे माडाच्या आळ्यात रिकामा करण्यात आला. त्या माडाला पुढे नारळ चांगले धरले.

मामाच्या खानावळीत मंगळवार ते रविवार गर्दी तशीच राहिली. मासळीबद्दल कोणाचा संशय नव्हता. सोमवारी मात्र बाक रिकामे पडू लागले. ट्रकवाले आले, खाटीक आला. पण ज्यांच्यासाठी सोमवार होता ते, सोमवार पाळणारे, आले नाहीत. मेक्सिकोची बाई एका सोमवारी आली तर फळ्या लावलेल्या. मामा आतून म्हणाला, "आता सोमारी माझो उपास." तिला उपास कळला नसावा. ती थोडा वेळ बाकावर बसून गेली.

पुढे मीही बदलीवर गेलो. त्याला शेवटचं पाहिलं ते घरी, अंथरुणावर. दात गेले होते, पेज सोडून काही खात नव्हता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने अचानक विचारलं, "त्या दिसा तू वाढी हुतंस. मागीर तूय जेवललंस. खरां सांग, तुका मांस लागलां?"

त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, खरंच होतं म्हणून मी म्हणालो, "नाही मामा. मला पहिल्या घासापासून फणसच लागला."

त्याने तंतू सुटे करावेत तसा अंगठा बोटांवर घासला. "म्हणजे फोडी आणखी भाजूंक होव्यो," तो म्हणाला. आणि मग, "इतक्या लोकांत जेवण समाजलो तो एकलोच मगे. अध्यक्ष."

मला वाटलं होतं, खरं ऐकून त्याचं ओझं उतरेल. तो कुशीवर वळला, आणि मी उठलो.

आता देवळाला सभागृह आहे. भिंतीवर अध्यक्षांची हार घातलेली तसबीर आहे. महाप्रसादाचं कंत्राट म्हापशाच्या केटररला असतं. गेल्या वर्धापनदिनाला पानात शाकुती होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अगदी मटणासारखी हो!" आणि त्यांनी परत वाढून घेतली. ती सोयाबीनची असते. पाकिटावर हिरवा ठिपका असतो.