एका ‘नको’ची सोबत

अख्ख्या पुण्यात एकमताला घाबरणारे गृहस्थ एकच, आणि ते वारज्याला आमच्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात. चार माणसं मिळून निर्णय कसा घेतात, या संशोधनात त्यांनी उभी हयात घालवली. कॉलेजातून ते निवृत्त झाले, पण संशोधन काही निवृत्त होईना. त्यांच्याबरोबर मिसळ खायला जायचं म्हणजे शिक्षाच. कुणी “तिखटच सांगू या” म्हणायच्या आत हे प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देणार. “पहिला बोलला की बाकीचे त्याच्यामागे जातात. आधी लिहा, मग बोला.” वेटर ताटकळलेला, आमची भूक खवळलेली, आणि हे एकेक चिठ्ठी उलगडून गालात हसतायत! एकदा वैतागून मी म्हटलं, “अहो, मिसळ खायचीय, सरकार नाही पाडायचं.” तर म्हणाले, “सरकारं एवढा विचार करून पाडत नाहीत.” काकू तर सांगतात, “आमचं लग्न ठरतानाही यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या. नशीब, मलाही एक मिळाली!”

पुढे काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. मुलानं निक्षून सांगितलं, लिफ्ट होत नसेल तर फ्लॅट विका आणि माझ्याकडे चला. काकूंना इथून हलायचं नव्हतं. माझ्या बायकोजवळ त्या रडल्या. मी यांना म्हटलं, “मीटिंगमध्ये सांगा की हे.”

“छे! लोक दयेपोटी हात वर करतील. तो काय निर्णय झाला?”

आता आमच्या मीटिंगची रीत अशी, की अध्यक्ष “कुणाची हरकत?” विचारतात आणि कुणी बोललं नाही की विषय मंजूर. पुढच्या रविवारी अध्यक्ष म्हणाले, “खर्च मोठा आहे, तळमजल्याला उपयोग नाही. लिफ्टचा विषय सोडून देऊ. कुणाची हरकत?” सगळे गप्प. मीही गप्प, म्हटलं, सगळ्यांनाच नको असेल तर आपण कशाला वाईटपणा घ्या. काकू पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तेवढ्यात हे उठले आणि खिशातून चिठ्ठ्या काढल्या. “गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. लिहा.”

चिठ्ठ्या उघडल्या तर काय! हवी, हवी, हवी. अहो, तळमजल्याचीसुद्धा हवी! जो तो समजत होता, बाकीच्यांना नकोय. फक्त एका चिठ्ठीवर ‘नको’ निघालं. माना कुणाकडे वळायच्या आत हे म्हणाले, “ती माझी.”

“अहो!” काकू ओरडल्याच. “घर जात होतं आपलं!”

“एखाद्याला खरंच नको असती, तर तो एवढ्या लोकांत एकटा पडला असता,” हे हळूच म्हणाले. “त्याला सोबत नको?”

स्वतःच्याच प्रयोगात खोटं लिहिणारा संशोधक मी दुसरा पाहिला नाही. लिफ्ट आली. काकू आता दिवसातून दोनदा उगाचच खाली येतात, आणि तो विषय निघाला की अजून यांच्यावर डाफरतात.

परवा आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर गेले. माझा एकट्याचा खाली राहिला. शेजारची खुर्ची रिकामी होती. फार वाटलं हो, तिथे ते असायला हवे होते.