पुस्तकाच्या कडेची जागा

"गप्प का? बोल की!" आमच्या गल्लीतल्या इंग्रजीच्या बाई पोरींना कायम हेच म्हणायच्या, हातातली पेन्सिल नाचवत. मंडईत शेवग्याची शेंग घेतली तरी ती पेन्सिलीगत नाचायची. तुम्ही बघितलं असतं तर हसला असता.

मी चौथी शिकलेला, शिवाजी पेठेत पिठाची गिरणी चालवणारा. नव्वदनंतरची गोष्ट. नात अकरावीला, बाईंच्याच वर्गात. खंडेनवमीला गिरणीच्या पट्ट्याला हळदकुंकू लावलं, नातीची पुस्तकं पाटावर मांडली. इंग्रजी कादंबरी उघडली आणि हातच थांबला. पानापानाच्या कडेला पेन्सिलीची गिचमिड! पाय लागला तर आपण डोक्याला लावतो, त्या पुस्तकावर? तुम्हीच सांगा. त्यात अक्षरं दोन हातांची. पोर लिहायची, खाली बाई उत्तर द्यायच्या.

"इंग्रजी बंद! उद्यापासनं वर्गात जायचं न्हाय." पोर रडायला लागली. मी पुस्तक घेऊन तडक बाईंच्या दारात.

"बाई, ही विद्या हाय का भिंत?"

बाई हसल्या. "मामा, कुस्तीच्या मैदानात गप्प बसता?"

"गप्प? पैलवानाला वरनं डाव सांगतोय मी!"

"तो ऐकतो?"

"न्हाय ऐकला तर न्हाय. माझ्यानं ऱ्हावत न्हाय."

"मग तिच्यानं कसं राहवेल?"

तरी मी हार कबूल केली नाही. "पेन्सिलीनंच लिवायचं. शाई चालायची न्हाय," असं बजावून परत आलो.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी बाई कॉलेजला निघाल्या आणि जिन्यातच गेल्या. आदल्या संध्याकाळी माझ्याकडनं ज्वारी दळून नेली होती. पीठ अजून डब्यातसुद्धा भरलं नव्हतं. असं कसं जातं माणूस?

नवीन सर आले. म्हणाले, "पुस्तकं खोडून स्वच्छ करून आणा." नात खोडरबर घेऊन बसली, पण हात चालेना. मी गिरणी बंद केली आणि कॉलेज गाठलं.

"सर, ह्यातलं एक अक्षर खोडायचं न्हाय."

"तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"न्हाय. पण दोन माणसं बोलत्यात, एवढं दिसतंय की."

सरांनी पुस्तक चाळलं आणि तसंच माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी ते पुन्हा उघडलं. सुट्टीत नात पुढं वाचत गेली होती. मध्यापर्यंत दोन अक्षरं, एकाखाली एक. तिथनं पुढं नातीचं एकटीचं. प्रत्येक ठिकाणी खाली तिनं बाईंसाठी जागा सोडली होती.